शोध लावला, पण कोणता?

मुलांनो, परवा पाचवीच्या वह्या तपासत होते. एका पठ्ठ्याने लिहिलं होतं, ‘न्यूटन इन्व्हेंटेड ग्रॅव्हिटी.’ मी झटकन लाल रेघ मारली. वही हातात पडताच स्वारी टेबलाशी हजर!

‘बाई, चुकलं काय? इन्व्हेंट म्हणजे शोध लावणे, हे तुम्हीच फळ्यावर लिहून दिलंत.’

खरंच की! अर्धवट अर्थ माझाच होता. मराठीत न्यूटन गुरुत्वाकर्षणाचा शोध लावतो आणि ग्रॅहॅम बेल टेलिफोनचाही शोधच लावतो. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द लागतात. (हिंदीतही खोज आणि आविष्कार अशी वाटणी आहे.)

आता सांगा, न्यूटनच्या आधी झाडावरचे आंबे काय वर उडून जात होते? खालीच पडत होते ना! गुरुत्वाकर्षण होतंच, न्यूटनने त्याचा नियम ओळखला. म्हणून तिथे डिस्कव्हर. या शब्दातलं ‘कव्हर’ बघा, आपल्या वहीला असतं तेच. झाकण दूर केलं, आत होतं ते दिसलं. टेलिफोन मात्र कुठे झाकलेला नव्हता. तो मुळात नव्हताच. तो डोकं लढवून तयार केला, म्हणून इन्व्हेंट.

दोन्ही शब्द एकाच गोष्टीत हवेत? मग दुर्बीण घ्या. 1608 मध्ये हॉलंडमधल्या एका चष्मे बनवणाऱ्याने दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ती बातमी ऐकून इटलीतल्या गॅलिलिओने स्वतः अधिक चांगली दुर्बीण बनवली आणि 1610 च्या जानेवारीत ती गुरू ग्रहाकडे वळवली. ग्रहाभोवती चक्क चार चंद्र! दुर्बीण इन्व्हेंट झाली, चंद्र डिस्कव्हर झाले. ते बिचारे कधीपासून फिरतच होते.

एवढं सांगून मी फळ्यावरचा अर्थ दुरुस्त केला, त्या पठ्ठ्याला त्याचा गुण परत दिला आणि ऐटीत नवं वाक्य लिहिलं, ‘कोलंबस डिस्कव्हर्ड अमेरिका इन 1492.’

मागच्या बाकावरून एक हात वर. ‘बाई, तिथे आधीपासून माणसं राहत होती ना? मग त्यांना ती दिसत नव्हती का?’

मी डस्टर उचललं. डिस्कव्हर्ड पुसून तिथे ‘रीच्ड’ लिहिलं, म्हणजे पोचला.