विरजण आणि जुनाट दुखणें

जुनाट दुखण्याचा रोगी घरांत असला म्हणजे प्रतिकारशक्ति वाढविणाऱ्या महागड्या पुड्यांकडे मन ओढ घेतें. तत्पूर्वीं घरच्या विरजणाकडे पाहावें. चरकसंहितेंत ग्रहणी व अर्श या विकारांवर तक्र प्रशस्त मानिलें आहे. रोगप्रतिकारावरील संशोधनाबद्दल १९०८ चें नोबेल पारितोषिक लाभलेले मेच्निकॉफ यांनींहि आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार केला. विरजणांतील जंतु दुधांतील शर्करेचें आम्ल करितात. म्हणून दहीं पचनास सुलभ होतें.

दूध उकळून बोट सोसवेल इतपत कोमट होऊं द्यावें. एक लिटरास चमचाभर ताजें विरजण पुरे. आपल्या महालांतल्या वैशाखांत दहीं चार-पांच तासांत लागतें. पौषांत भांडें कपड्यांत गुंडाळून रात्रभर ठेवावें. लागतांच तें थंड जागीं हलवावें. ताकास उकळून गार केलेलेंच पाणी घ्यावें. बुरशी वा दुर्गंध आढळल्यास सारें टाकून द्यावें.

परंतु ताक हें अन्न आहे, औषध नव्हे. त्यानें क्षय वा मधुमेह बरा होत नाहीं. त्याच्या भरंवशावर चालू औषध बंद करणें म्हणजे आत्मघात होय. कांहीं प्रतिजैविकें दुधादह्याबरोबर घेतल्यास अंगीं नीट लागत नाहींत. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा अवयवारोपण झालेल्या रोग्याची प्रतिकारशक्ति क्षीण असते. त्यास घरचें दहीं डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. मायेनें वाटी पुढें करणाऱ्या वडील मंडळींनीं एवढें अवश्य ध्यानीं ठेवावें.