ज्याचा दोष कमी, त्याने आधी जावे

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की आपल्या काळ्या रानात एक गोष्ट हमखास दिसते. दोन शेतांमधला बांध कुठेतरी फुटतो. भगदाड फार मोठे नसते. दोन-चार पाट्या माती आणि थोडे दगड टाकले की काम भागते. पण बांधाच्या दोन्ही बाजूंच्या घरांत अबोला असेल, तर ती माती टाकायची कोणी? 'बांध त्याने कोरला, त्यानेच भरावा,' असे हा म्हणतो. 'पाणी त्याच्या रानातून येते, त्यानेच अडवावे,' असे तो म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे असते. तोवर आषाढ येतो. वरच्या शेतातली माती आणि खालच्या शेतातली कपाशीची रोपे एकाच ओघळाने वाहून जातात. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती सुधेच्या पाण्याबरोबर भैंशाच्या गड्डेन्ना जलाशयात जाऊन गाळ होऊन बसते. ती कोणाच्या सर्व्हे नंबरातली, हे मग कोण विचारतो?

भांडणापेक्षा अबोला वाईट, असे आमचे स्पष्ट मत आहे. भांडणात निदान समोर माणूस असतो. तो काहीतरी बोलतो आणि आपल्याला ते ऐकावे लागते. अबोल्यात त्याच्या वतीनेही आपणच बोलतो, तेही मनातल्या मनात, आणि दर वेळी त्याच्या तोंडी आधीपेक्षा कडू शब्द घालतो. शरीरही याची किंमत मोजते. राग घोळवत बसले की नाडी वाढते, रक्तदाब चढतो, झोप उडते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आधीच आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शिवाय रानात साप चावला किंवा फवारताना चक्कर आली, तर हाक ऐकणारा आणि 108 क्रमांकाची गाडी बोलावणारा बहुधा बांधापलीकडचाच असतो. सर्पदंशावर सरकारी रुग्णालयात प्रतिविषाचे इंजेक्शन मिळते, पण तिथवर वेळेत नेणारा माणूस लागतो.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवतो, म्हणून आमचीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याच्या शेळ्यांनी आमच्या परसातली तूर खाल्ली. कुंपण धड होते, दोष त्यांचाच होता. आम्ही मात्र चार माणसांत त्यांना नको ते बोललो. पुढे वर्षभर ते दिसले की आम्ही रस्ता बदलत असू. शेवटी एके संध्याकाळी गेलो आणि पहिलेच वाक्य निघाले, 'तुमच्या शेळ्यांमुळे...' ते उठून आत गेले. महिन्याभराने पुन्हा गेलो. या वेळी शेळ्यांचे नावही काढले नाही. 'काका, त्या दिवशी चारचौघांत मी तुम्हांला बोललो, ते माझे चुकले,' एवढेच म्हटले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आत पाहून म्हणाले, 'चहा टाक गं.' शेळ्यांचा विषय त्यांनी स्वतःच काढला, तोही दुसऱ्या कपाला. या पानावर आम्ही 'आम्ही' लिहितो, पण दुसऱ्याच्या उंबऱ्यावर 'माझे चुकले' असेच म्हणावे लागते.

तेव्हापासून आमचे मत बनले की ज्याचा दोष कमी, त्याने आधी जावे. जग उलटे सांगते. पण ज्याचा दोष जास्त, त्याचे पाऊल जड असते. त्याला लाज असते, दारातून परत पाठवतील ही भीती असते. ज्याचा दोष कमी, त्याच्या पायांत ती बेडी नसते. मग चालणे कोणाला सोपे?

गावाच्या पातळीवरही हेच खरे आहे. भैंसा पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून निर्मल जिल्ह्यात आहे. येथील बाजारात एकाच कापसाच्या गाडीभोवती कोणी 'भाऊ' म्हणतो, कोणी 'अन्ना', कोणी 'भाई'. तरीही ऑक्टोबर 2008, जानेवारी 2020 आणि मार्च 2021 मध्ये याच गावात दंगली झाल्या. 2008 मध्ये माणसे जिवानिशी गेली. 2020 ची सुरुवात मोटरसायकलींच्या आवाजावरून झालेल्या बाचाबाचीने झाल्याच्या बातम्या होत्या. एवढ्याशा गोष्टीने घरे जळतात, याचा अर्थ त्याआधी पुष्कळ दिवस बोलणे आटलेले असते. जिथे शेजारी रोज विचारतो 'बरे आहे ना?', 'बागुन्नारा?', 'कैसे हो भाई?', तिथे अफवेला वाट मिळणे कठीण जाते. ज्याच्या घरचा चहा आपण काल घेतला, त्याच्याविषयी मोबाईलवर काय आले ते आपण आधी त्यालाच विचारतो.

जायचे कसे, तेही सांगतो. एकट्याने जावे, मध्यस्थाच्या हाती निरोप धाडू नये. बाजारात किंवा लग्नात विषय काढू नये, त्याच्या घरी किंवा रानात काढावा. आधी तब्येत आणि पीकपाणी विचारावे. आपल्या वाट्याची चूक, मग ती चार आणेच का असेना, पहिल्याने बोलावी आणि तिला 'पण' जोडू नये. मग त्याचे पूर्ण ऐकावे, मध्ये तोडू नये. पहिल्या खेपेला जमले नाही तर पुन्हा जावे.

एक खुलासा आवश्यक आहे. समेट म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. जमीन बळकावली असेल तर मोजणी मागवावी. मारहाण झाली असेल, घरात बाईमाणसाचा छळ होत असेल, तर पोलिसांकडे जावे. तिथे तिनेच नमते घ्यावे असे कोणी सुचवू नये.

पण पुष्कळसे अबोले एवढ्या मोठ्या कारणाचे नसतात. कारण विचारले तर दोन्ही घरांना धड आठवतही नाही. वाचकांनी या आठवड्यात असे एकच दार आठवावे. पेरणीच्या आधी जाऊन यावे. बांध भरायला दोघे असले की काम अर्ध्या दिवसात होते.