बोरन्हाण ठेवावे, पण कोणते?

बोरन्हाण हा मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी करता येणारा लहान मुलांचा घरगुती सोहळा. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत तो करण्याची रीत आहे. बहुतेक घरांत पहिल्याच संक्रांतीला उरकतात. मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या डोक्यावरून ओततात. भोवती जमलेली पोरे त्यावर तुटून पडतात.

या चालीवर पहिला आक्षेप असा की, वर्षाच्या मुलाला त्यातले काही कळत नाही. हौस सगळी आई-आजीची. हे अर्धेच खरे. पाटावरचे मूल बहुधा भोकाड पसरते, हे कबूल. पण सोहळा एकट्या त्याचा नसतोच. पाच-सहा वर्षांचे पोर फ्रॉकच्या ओच्यात बोरे भरते, आंबट निघाले की तोंड वेडेवाकडे करते, घाटा सोलून आतला हिरवा दाणा दुसऱ्याला दाखवते. पौष-माघात शेतात काय येते, हे शहरातल्या मुलाला इतक्या थोड्या खर्चात दुसरीकडे कुठे कळणार?

समर्थकही कमी चुकत नाहीत. बोरे अंगावर पडली की वर्षभर आजार होत नाहीत, असे छातीठोकपणे सांगितले जाते. बोरात क जीवनसत्त्व असते, पण ते खाल्ले तर मिळते. बोर डोक्यावरून घरंगळले म्हणून नव्हे. करी नावाच्या राक्षसाची नजर मुलाला लागू नये म्हणून बोरन्हाण, ही कथाही कथा म्हणूनच सांगावी. असल्या दाव्यांवर चाल उभी केली, की दाव्याबरोबर तीही कोसळते.

अन्नाच्या नासाडीचा आक्षेप धुतलेल्या चादरीने मिटतो. घशात अडकण्याचा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. बोराची बी, हरभरा, हलवा यांनाही तोच नियम लावावा. ओतून होताच बाळाला उचलावे, आणि लुटीवर मोठ्या माणसाची नजर असावी.

चालीची खरी हानी टीकाकार करत नाहीत, ती भाड्याचा पडदा, प्लास्टिकचा मुकुट आणि टोपलीभर चॉकलेटे करतात. हलव्याला काटा फुटायला तिळावर पाकाचे थेंब टाकत मंद आचेवर तासन्‌तास बोटे फिरवावी लागतात. एवढे आज कोणाला जमले नाही तर विकत आणावा, त्यात कमीपणा नाही. पण चॉकलेट बारमाही मिळते. जळगावची मेहरूण बोरे तशी मिळत नाहीत. बोरच नसलेले बोरन्हाण म्हणजे वाढदिवसाची आणखी एक पार्टी.

राहिला औक्षणाला सवाष्णच हवी हा दंडक. तो निव्वळ अन्याय आहे आणि सोहळ्याचे त्यावाचून काही अडत नाही. घरात विधवा आजी असेल तर ओवाळायला तिलाच पुढे बसवावे आणि बोरांची पहिली ओंजळ तिच्याच हाताने ओतवून घ्यावी.