तालमीच्या नावाने फुटबॉल

१/ मार्गासनीवरून गुंजवण्याकडे वळणाऱ्या तरुणांना राजगडाचे बुरूज तोंडपाठ असतात. आपल्या गावातील क्रीडामंडळ केव्हा स्थापन झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. तोही इतिहासच आहे. साक्ष हवी तर कोल्हापूरकडे पाहावे.

२/ राजर्षी शाहूंच्या आश्रयाने तेथे कुस्ती बहरली. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. पुढे पेठांतील तालमींनीच फुटबॉलचे संघ उभारले. म्हणून शाहू स्टेडियमवर आजही पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही आखाड्याची नावे चेंडूमागे धावतात.

३/ या संघांना देशपातळीवरील लीगचे वलय नाही. त्यांना पेठ पोसते आणि जाबही पेठच विचारते. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

४/ माझ्या मते, नाव न बदलता खेळ बदलणारी तालीम हे सामाजिक इतिहासाचे अस्सल साधन आहे. बखरींइतक्याच आस्थेने तिची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या, सामन्यांची पत्रके जपली पाहिजेत. जुने खेळाडू हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहून घ्या. रद्दीत गेलेले दप्तर पुन्हा हाती लागत नाही.