नकाशात आपलं वाशी कुठंय?

‘गाव कोणतं तुझं?’
‘वाशी.’
‘अरे वा, हार्बर लाइन!’

मास कम्युनिकेशनला ॲडमिशन घेतल्यापासून हा संवाद मी इतक्या वेळा केलाय की आता पहिल्याच दमात सांगून टाकते, धाराशिव जिल्ह्यातलं वाशी, तालुक्याचं गाव. मोबाइलच्या मॅपवर नुसतं ‘वाशी’ टाकलं तर तोही बिचारा नवी मुंबईला नेऊन सोडतो. त्यामुळे नकाशातून आपलं गाव गायब असण्याची मला सवय आहे. पण गेल्या दिवाळीत ते मी स्वतः काढलेल्या नकाशातूनच गायब झालं. आणि ते पकडलं आजीनं.

झालं असं, की कॉलेजमध्ये ग्रुप प्रोजेक्ट होता, आपल्या जिल्ह्यावर बोर्ड गेम तयार करा. आम्ही चौघांनी जीव ओतला. धाराशिवचे आठही तालुके, त्यांना जोडणारे रस्ते, आणि मालाचा ट्रक घेऊन कोण आधी सगळे बाजार गाठतो अशी शर्यत. नकाशावर तुळजाभवानीचं मंदिर, नळदुर्ग, परंड्याचा किल्ला, तेरचे गोरोबाकाका, बालाघाटचे डोंगर, सोयाबीनची शेतं आणि आपली जगप्रसिद्ध उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं अजून तेच आहे. प्रिंट निघाली तेव्हा आम्हीच आमच्या प्रेमात पडलो. सादरीकरणात टाळ्या पडल्या, ‘मातीतली थीम’ असा शेरा मिळाला.

मग सुट्टीत तो बोर्ड मी घरी नेला. लहान भाऊ, त्याचे दोन मित्र आणि आजी असा डाव बसला. दहा मिनिटांत मोडला. कळंबहून निघालेला रस्ता वाशीला जातो की वरून पुढे सरकतो, कळत नव्हतं, कारण दोन्ही रस्ते डोंगराच्या चित्रात शिरत होते. घरं मोजायची तर तीन घरं किल्ल्याच्या तटबंदीखाली. भावाच्या एका मित्राला लाल आणि हिरवा रस्ता एकसारखाच दिसत होता. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, ‘ताई, मला तर काय दिसंना.’ आणि आजी चष्मा पुसत, ‘आपलं वाशी कुठंय गं ह्याच्यात?’ वाशी शेळीच्या मागच्या पायाखाली होतं.

हसू आलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण हा फक्त आमच्या प्रोजेक्टचा घोळ नाही. पुण्या-मुंबईत बोर्ड गेम कॅफे आहेत, कॉलेजच्या फेस्टमध्ये गेम डिझाइनच्या स्पर्धा होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ‘खेळण्यांतून शिक्षण’ हा शब्द शाळांपर्यंत गेलाय. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं टॉयकॅथॉन घेतली, त्यात भर होता भारतीय संस्कृती आणि इतिहासावरच्या खेळांवर. चांगलंच आहे. पण मार्क कशाला मिळतात? थीमला. किल्ला आहे का, वारसा आहे का, रंग आपले आहेत का? टेबलाच्या पलीकडं बसलेल्याला, म्हणजे बोर्ड उलटा दिसणाऱ्याला, तो वाचता येतो का, हे कुणी तपासत नाही. आमचंही कुणी तपासलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

खरं तर खेळातला नकाशा चित्र नंतर असतो. आधी तो वाचायचं साधन असतो. ‘तिकीट टू राइड’ घ्या. ॲलन मून यांचा हा रेल्वेचा गेम २००४ साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. नकाशा अमेरिकेचा आहे, पण दोन शहरांमधलं अंतर किलोमीटरवर ठरत नाही. तिथं प्लॅस्टिकचे किती डबे बसवायचे, यावर ठरतं. डबा केवढा, तेवढं घर. म्हणून गरज पडेल तिथं भूगोल ताणलाय. जमिनीचे रंग फिके ठेवलेत, म्हणजे रस्त्यांचे रंग उठून दिसतात. आणि पत्त्यांवर प्रत्येक रंगाला वेगळं चिन्हही आहे. भावाच्या मित्राला तो गेम खेळता आला असता. आमचा नाही.

‘पँडेमिक’मध्ये (मॅट लीकॉक, २००८) अख्ख्या जगाची ४८ शहरं आहेत, त्यात भारताची चार: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. एकशे चाळीस कोटींच्या देशाला चार ठिपके. राग येतो ना? मलाही आला. पण रोगाची साथ कुठून कुठं सरकेल हे चार जणांना एका नजरेत दिसायचं असेल, तर पाचवं शहर घालताना दहा वेळा विचार करावा लागतो. स्पष्टता फुकट मिळत नाही, कुणाचं तरी गाव वगळून मिळते.

आता इथं आपल्याकडची एक अडचण आहे. परदेशी डिझायनर नकाशा हवा तसा ताणतो. आपण भारताचा नकाशा छापला आणि तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळला नाही, तर १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली शिक्षा होऊ शकते. कायद्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण गेम करणाऱ्याला त्यातून वाट काढावी लागते, ती म्हणजे बाह्यरेषा काढूच नका, फक्त जोडण्या दाखवा. हे काही कमीपणाचं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेकनं असाच केला, १९३३ साली तो लोकांच्या हातात पडला. सरळ आणि तिरक्या रेषा, स्टेशनं साधारण समान अंतरावर, आणि वरचा सगळा भूगोल गायब. ठेवली ती फक्त थेम्स नदी, म्हणजे आपण नदीच्या अलीकडं की पलीकडं एवढं कळावं. आज जगभरातल्या मेट्रोंचे नकाशे याच वळणाचे असतात.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. झैन मेमन यांचा ‘शासन’ हा राजकारणावरचा गेम. तुम्ही नेता, मतदार मिळवायचे, नकाशावरच्या झोनमध्ये बसवायचे, बहुमत गाठायचं. एवढा भारतीय विषय, पण बोर्डावर भारत नाही! नुसते झोन, मतदारांच्या जागा आणि बहुमताचा आकडा. त्याच बोर्डावर अमेरिकेची निवडणूक खेळता येते आणि प्राचीन रोमही. थीम सगळी पत्त्यांवरच्या प्रश्नांत आहे. मतदार एका झोनमधून दुसऱ्यात सरकवून बहुमत फिरवता येतं, हे त्या कोऱ्या नकाशावर इतकं लख्ख दिसतं की मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरच्या बातम्या मला त्यानंतर जास्त कळायला लागल्या. शासनच्या बोर्डावर लाल किल्ला काढला असता तर हे दिसलं नसतं, असं माझं मत.

मग चित्रं नकोतच का? इथं मला मोक्षपट आठवतो. महाराष्ट्रात तो परंपरेनं संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. अशा जुन्या पटांत कुठं ७२ घरं, जैन पटांत ८४, आणि प्रत्येक घराला नाव. दुर्गुणाच्या घरी पाय पडला की साप खाली नेतो, सद्गुणाच्या घरून शिडी वर. पट गच्च भरलेला, अक्षरं, साप, शिड्या सगळे एकमेकांत. आमच्या बोर्डापेक्षा जास्त गर्दी. तरी तो खेळता यायचा. का? कारण कवड्या पडतील तेवढं जायचं, खेळाडूला निवड करायचीच नाही. त्यानं फक्त आपलं घर बघायचं, घराचं नाव वाचायचं आणि थोडं थांबायचं. तिथं गर्दी अडचण करत नाही, उलट थांबायला कारण देते. शिवाय साप हाच नियम आणि साप हीच थीम, दोन वेगळे करताच येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात त्याचा लहान मुलांचा खेळ झाला आणि आज जत्रेत वीस-तीस रुपयांत मिळते त्या सापशिडीत घरांवर नुसते आकडे उरलेत. वाचायला एकदम सोपी, पण वाचण्यासारखं काही नाही.

आमची चूक मला तिथं सापडली. बोर्ड किती सजवावा याचं उत्तर, खेळाडूला बोर्ड बघून किती निर्णय घ्यायचेत, यात आहे. आमच्या गेममध्ये प्रत्येक वळणावर रस्ता निवडायचा होता, म्हणजे पूर्ण जिल्हा एका नजरेत दिसायला हवा होता. आणि आम्ही तो मोक्षपटासारखा भरला.

परत आल्यावर आम्ही दुसरा बोर्ड केला. जमीन फिकट, रस्ते जाड, प्रत्येक रस्त्यावर रंगासोबत एक खूण: शिंग, कणीस, कवडी, दिवा. बेकच्या थेम्ससारखी एकच गोष्ट ठेवली, वरच्या बाजूनं वाहणारी मांजरा नदी, म्हणजे उत्तर कुठं ते कळतं. किल्ले आणि मंदिरं पत्त्यांवर गेली. शेळी आता ट्रकमधला माल आहे, म्हणजे ती खेळात आली. आठ तालुक्यांची आठ सारखी वर्तुळं, वाशीचं तेवढंच जेवढं तुळजापूरचं. ग्रुपमध्ये यावरून भांडण झालं, ‘तुळजापूर मोठं दाखवायला नको का?’ मी हट्टानं नाही म्हणाले. हा पक्षपात आहे, मान्य.

नवीन बोर्ड दाखवला तेव्हा सरांचा पहिला शेरा होता, ‘आधीचा जास्त छान दिसत होता.’ खरंय ते.

संक्रांतीला पुन्हा वाशीत डाव बसला. आजीनं सोंगटी उचलली, वाशीच्या वर्तुळावर ठेवली आणि विचारलं, ‘इथून भूमला दोन घरं ना?’ दोनच होती. भावाच्या मित्रानं खुणा बघून रस्ते धरले आणि पहिला डाव जिंकला. परंड्याचा मामेभाऊ मात्र बोर्डाकडं बघत राहिला. वर्तुळं समान अंतरावर ठेवताना आम्ही परंडा बरंच आत ओढलं होतं. ‘आमचं गाव एवढं जवळ कुठंय?’ तो म्हणाला. ‘एसटीनं येऊन बघ एकदा.’ त्याच्या रस्त्यात आम्ही आणखी दोन घरं वाढवलीत. वर्तुळ अजून तिथंच आहे.