उंदीर बरा झाला, माणसाचे काय?

वाचकहो, ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी उंदीर आणून सोडला म्हणून रागावू नका. गणपतीचे वाहन ते. आणि प्रयोगशाळेत तर साऱ्या वैद्यकाचे ओझे त्याच्या पाठीवर आहे. त्याची आठवण व्हायला कारण घडले ते वागळे इस्टेटीत.

ही वस्ती कारखान्यांची. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला तो इथेच. आता कित्येक शेडांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण लेथवर उमर काढलेली माणसे किसननगर, श्रीनगरकडे अजून भेटतात. माझे एक निवृत्त टर्नर स्नेही त्यांतलेच. सुताइतका फरक बोटांनी ओळखणारा माणूस. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. हात मांडीवर स्वस्थ असला की थरथरतो आणि कपाकडे गेला की स्थिरावतो. डॉक्टरांनी निदान केले, पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. गोळ्या सुरू झाल्या, बऱ्यापैकी लागूही पडल्या. इतक्यात कुणीतरी एक छापील पत्रक आणून दिले. मूलपेशी टोचून घ्या, मेंदू पुन्हा तरुण करा. उंदरांवर सिद्ध झाले आहे! खर्चाचा आकडा ऐकून वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, गावची जमीन विकावी लागेल. तुम्ही वाचता-लिहिता. ते उंदराचे खरे आहे का हो?"

खरे आहे. गोम तिथेच आहे.

मेंदूच्या तळाशी एक काळपट भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन पुरवतात. माणसात त्या वर्षानुवर्षे हळूहळू मरत जातात आणि पुष्कळशा गेल्या की मग कुठे हात थरथरू लागतो. उंदराला हा रोग असा आपणहून जडत नाही, तो करावा लागतो. १९६८ साली स्वीडनच्या उंगरस्टेट यांनी पांढऱ्या उंदराच्या मेंदूत विष टोचून नेमक्या याच पेशी मारल्या. एकाच बाजूच्या मारल्या आणि वर विशिष्ट औषध दिले, की तो बिचारा घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरतो. १९७९ मध्ये उंदराच्या गर्भातील पेशी त्या जागी लावून पाहिल्या, तो फेरे कमी झाले! आनंद व्हावा अशीच गोष्ट.

पण टर्नरच्या भाषेत सांगायचे, तर हा चांगला जॉब मुद्दाम एका जागी खरवडून तेवढाच भरून काढण्याचा प्रकार झाला. माणसाचे यंत्र आतून झिजत असते, अनेक ठिकाणी झिजत असते, आणि ती झीज थांबलेली नसते. शिवाय उंदीर जगतो दोन-तीन वर्षे.

माणसावर पाहिले नाही असे नाही. १९८७ पासून स्वीडनमध्ये गर्भातील पेशींची रोपणे झाली, काहींना गुणही आला. मग अमेरिकेत ४० रुग्णांची कडक चाचणी झाली. निम्म्यांच्या मेंदूत पेशी घातल्या, निम्म्यांच्या कवटीला नुसतीच भोके पाडली आणि कुणाला काय मिळाले ते गुप्त ठेवले. २००१ साली निकाल आला. वर्षाअखेर रुग्णांना स्वतःला वाटणाऱ्या सुधारणेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. साठीच्या आतल्यांना थोडा उपयोग झाला. पुढे काहींना आवरता न येणारे झटके मात्र सुरू झाले.

आणि पत्रकवाल्यांच्या पेशी तर याहून निराळ्या! कमरेच्या हाडातला मगज नाहीतर पोटाची चरबी काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यात टोचायच्या. या पेशी मेंदूत जाऊन डोपामिनच्या पेशी होतात याला आधार नाही. नाव तेवढे एक, मूलपेशी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावातून 'उपचार' हा शब्दच काढून टाकला. रक्ताच्या विकारांसारखे मान्यता मिळालेले ठरावीक रोग सोडले, तर मूलपेशी केवळ रीतसर चाचणीतच वापरायच्या, आणि चाचणीत रुग्णाने उपचाराचे पैसे मोजायचे नसतात. मी वहिनींना एवढेच सांगितले, की चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक विचारा. त्यांनी फोन केला. पलीकडून आगाऊ रक्कम कधी भरता, अशी विचारणा झाली. जमीन राहिली.

मग सगळेच थोतांड का? मुळीच नाही. जपानच्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशींना मूलपेशींचे रूप दिले; २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अशाच रीतीने केलेल्या मानवी पेशींपासून क्योटोच्या ताकाहाशी यांनी डोपामिनच्या पेशी घडवल्या आणि आधी माकडांच्या मेंदूत लावल्या. ती माकडे दोन वर्षांपर्यंत निरखली. तो अहवाल २०१७ चा. मगच माणसाकडे वळले. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या ७ रुग्णांचा आणि अमेरिकेच्या दुसऱ्या गटाच्या १२ रुग्णांचा वृत्तान्त एकदमच प्रसिद्ध झाला. पेशी तगल्या, गाठी झाल्या नाहीत, काहींच्या हालचाली सुधारल्या. तुलनेला दुसरा गट मात्र दोन्हीकडे नव्हता. म्हणून त्या अमेरिकी पेशींची पुढची चाचणी सुमारे १०० रुग्णांची योजली आहे, आणि तीत काहींच्या वाट्याला नुसतीच खोटी शस्त्रक्रिया येणार आहे.