मोजणाऱ्यांच्या पंगतीत

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने ५ एप्रिल २०२३ रोजी सांख्यिकी आयोगावर भारताची निवड केली. मतदान गुप्त होते. ५३ मतांपैकी ४६ मते भारताला पडली. आशियाच्या वाट्याच्या दोन जागांसाठी चीन, दक्षिण कोरिया आणि संयुक्त अरब अमिराती हेही देश उभे होते. त्यांच्यापैकी कोणीही पहिल्या फेरीत भारताच्या जवळपास पोचू शकला नाही. सुमारे दोन दशकांच्या खंडानंतर भारत या आयोगावर परतला आणि १ जानेवारी २०२४ पासून चार वर्षांची त्याची मुदत सुरू झाली. वृत्तपत्रांनी मथळे दिले, चीनला मागे टाकल्याचे समाधान व्यक्त झाले, आणि दोन दिवसांत विषय मागे पडला. वस्तुतः तो तेथून सुरू व्हावयास हवा होता. आंतरराष्ट्रीय संस्थेत मिळालेली जागा हा सन्मान आहे की जबाबदारी, हा प्रश्न दिल्लीइतकाच दहिवडीतील शिक्षकाचा आणि म्हसवडमधील कारकुनाचाही आहे. तो कसा, हे पाहण्यासाठी या निवडणुका कशा होतात ते आधी समजून घेतले पाहिजे.

आर्थिक व सामाजिक परिषदेवर ५४ राष्ट्रे असतात आणि तिच्या हाताखालील अनेक आयोगांचे व मंडळांचे सभासद तीच निवडते. सांख्यिकी आयोगाच्या २४ जागा आहेत. त्यांपैकी आफ्रिकेला ५, आशिया-पॅसिफिक गटाला ४, पूर्व युरोपला ४, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन गटाला ४ आणि पश्चिम युरोप व इतरांना ७ अशी वाटणी ठरलेली आहे. एखाद्या गटाने जितक्या जागा तितकेच उमेदवार पुढे केले, तर मतदानाचा प्रश्नच उरत नाही. टाळ्यांच्या गजरात निवड जाहीर होते. आपल्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाची निवडणूक ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला ‘बिनविरोध’ या शब्दामागे किती बैठका आणि किती शब्द दिले-घेतलेले असतात, हे सांगावयास नको. न्यूयॉर्कमध्येही याहून निराळे घडत नाही. ‘या आयोगावर तुम्ही आम्हांस मत द्या, त्या मंडळावर आम्ही तुम्हांस देऊ’ असे करार राष्ट्राराष्ट्रांत सर्रास होतात, आणि ते कोणी फारसे लपवीतही नाही.

या देवघेवीचे परिणाम जगाने पाहिले आहेत. मानवी हक्क आयोगाचे अध्यक्षपद २००३ मध्ये कर्नल गडाफींच्या लीबियाकडे गेले. बाजूने ३३, विरुद्ध ३ आणि तटस्थ १७ असे ते मतदान होते. ज्यांच्या राज्यात हक्कांची पायमल्ली चालली होती, तेच हक्कांच्या राखणदारांचे प्रमुख झाले. आयोगाची प्रतिष्ठा इतकी खालावली की २००६ मध्ये तो मोडून ४७ सभासदांची नवी मानवी हक्क परिषद स्थापावी लागली. तिच्यावरूनही २०११ मध्ये लीबियाला आणि २०२२ मध्ये रशियाला आमसभेच्या ठरावाने दूर करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगातून इराणला काढून टाकण्याचा ठराव २९ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला. १६ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत भारत होता. निवडून येणे आणि त्या जागेस पात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासाचे सार आहे. मतपेटी पहिल्या गोष्टीचा निर्णय देते. दुसरीचा निर्णय त्या राष्ट्राच्या घरच्या कारभारावरून होतो.

सांख्यिकी आयोग हा अर्थातच गाजावाजाचा आयोग नव्हे. तेथे युद्धे थांबत नाहीत की कोणाचा धिक्कार होत नाही. १९४७ पासून हा आयोग दरवर्षी किंवा वर्षाआड बसून जगाने काय मोजावे आणि कसे मोजावे हे ठरवीत आला आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब कसा मांडावा, बेकार कोणास म्हणावे, कुटुंब कशास म्हणावे, या व्याख्या तेथे पक्क्या होतात. त्या रूक्ष वाटतात. परंतु व्याख्येतील एका शब्दाने लाखो माणसे आकड्यांत येतात किंवा आकड्यांबाहेर राहतात. माणच्या शेतकऱ्याला हे तात्काळ पटेल. पूर्वीची आणेवारी, आजची पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की वर आली, यावर त्याचे अख्खे वर्ष अवलंबून असते. ती पीककापणीच्या प्रयोगांवरून ठरते, आणि प्रयोगाचे तुकडे कसे निवडले यावरून प्रयोगाचा खरेखोटेपणा ठरतो.

या पीककापणीच्या शास्त्राशी आपल्या भागाचे नाते फार जवळचे आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. यदृच्छ नमुना निवडून पिकाच्या उताऱ्याचा अंदाज करण्याची पद्धत भारतात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे १९५१ पासून जवळजवळ दोन दशके त्यांनी रोम येथे राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा सांभाळली. जगातील दोन-तृतीयांश लोक उपाशी आहेत, हे त्या काळी सर्वमुखी असलेले विधान त्यांनी तपासून पाहिले आणि भुकेचा आकडाही पुराव्यावाचून मान्य करू नये, असा आग्रह धरला. प्रा. वि. म. दांडेकर हेही साताऱ्याचेच. नीळकंठ रथ यांच्यासमवेत त्यांनी १९७१ मध्ये देशातील दारिद्र्याचे मोजमाप उष्मांकांच्या आधारे मांडले. त्या मोजमापावर सुखात्म्यांनी कठोर आक्षेप घेतले, दांडेकरांनी त्यांना उत्तरे दिली, आणि हा वाद वर्षानुवर्षे उघडपणे चालला. दोघांपैकी कोणी आकडा दडवला नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी राष्ट्रसंघाच्या नमुना पाहणीविषयक उपआयोगाचे अध्यक्षपद भूषविले आणि १९५० मध्ये सुरू झालेली आपली राष्ट्रीय नमुना पाहणी इतर देशांना अभ्यासाचा विषय झाली. त्या काळी भारत गरीब होता, धान्यासाठी परदेशांकडे पाहत होता. परंतु मोजणाऱ्यांच्या पंगतीत त्याचे पान मानाचे होते. तो मान मतांच्या देवघेवीतून आलेला नव्हता, कामातून आलेला होता.

आज चित्र काय आहे? १८८१ पासून दर दहा वर्षांनी या देशात जनगणना होत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४१ ची गणतीही झाली, जरी तिची कोष्टके पुरती तयार झाली नाहीत. ही परंपरा २०२१ मध्ये प्रथमच खंडित झाली. महासाथीचे कारण सुरुवातीस योग्यच होते. परंतु त्याच महासाथीतून गेलेल्या नेपाळने २०२१ मध्ये, बांगलादेशाने २०२२ मध्ये आणि पाकिस्तानने २०२३ मध्ये आपापली गणती उरकली. २०१५ ते २०२४ या काळात प्रत्येक राष्ट्राने निदान एकदा जनगणना करावी, असा राष्ट्रसंघाचा कार्यक्रम होता आणि सांख्यिकी आयोग हाच त्याचा पुरस्कर्ता. त्या काळाच्या अखेरच्या वर्षी भारत आयोगावर सभासद म्हणून बसला, आणि जनगणनेविना ते वर्ष संपले. जून २०२५ मध्ये अखेर अधिसूचना निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला. त्याआधी २०१७-१८ च्या कुटुंब-खर्च पाहणीचे निष्कर्ष, माहितीच्या दर्जाचे कारण देऊन, सरकारने प्रसिद्धच केले नव्हते. सरकारी आकडेवारी निःपक्षपातीपणे लोकांपुढे ठेवावी, हे तत्त्व याच आयोगाने १९९४ मध्ये स्वीकारले आणि २०१४ मध्ये आमसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. पाहणी सदोष असेल तर दोषांसह ती प्रसिद्ध करावी आणि जाणकारांना बोलू द्यावे. सुखात्मे-दांडेकरांची रीत हीच होती.

हा सारा तात्त्विक वाद आहे असे कोणी समजू नये. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क त्याने दिला. किती लोकांना, हा हिशेब मात्र २०११ च्या जनगणनेवरून झाला. त्यानंतर जन्मलेली मुले आज शाळेत आहेत, आणि राज्याच्या वाट्याचा आकडा जागच्या जागी आहे. नव्या शिधापत्रिकेसाठी आलेल्या माणसाला ‘इष्टांक पूर्ण झाला’ असे सांगणारा कारकून खोटे बोलत नसतो; त्याच्या हाती आलेला आकडाच जुना असतो.

माणगंगेच्या खोऱ्यात तर गणती हे विशेष नाजूक काम आहे. पर्जन्यछायेतील हा मुलूख, मग तो साताऱ्यातील माण असो वा सांगलीतील आटपाडी, माणसे बाहेर पाठवून जगत आला आहे. मेंढपाळ आपले वाडे घेऊन चाऱ्यामागे फिरतो. गलाईचा व्यवसाय करणारा तरुण दूरच्या परप्रांतातील पेठेत सोने-चांदी आटवीत असतो. ऊसतोड मजुराची टोळी दिवाळीच्या सुमारास निघते ती गाळप हंगाम संपल्यावर परतते. २०२७ ची गणती मुख्यतः फेब्रुवारीत व्हावयाची आहे, म्हणजे ऐन गाळपात. गणतीच्या संपूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद तो जेथे असेल तेथे व्हावी, असा जनगणनेचा नियम आहे. नियम रास्त आहे. परंतु उसाच्या फडाकडेच्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला नाही, तर ते कुटुंब ना गावात धरले जाणार, ना कारखान्याच्या पट्ट्यात.

तेव्हा करावयास हवे ते स्पष्ट आहे. साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या याद्या आगाऊ घेऊन प्रत्येक तळासाठी प्रगणक नेमला पाहिजे. मेंढपाळांच्या वाटा तलाठ्यांना ठाऊक असतात. त्या माहितीचा उपयोग केला पाहिजे. प्रगणकाचे काम बहुधा प्राथमिक शिक्षकांवरच येते. त्यांना पुरेसा वेळ, वेळेवर मानधन आणि नीट प्रशिक्षण मिळाले पाहिजे. शाळा सांभाळून रात्री फॉर्म भरावयास लावणे म्हणजे गणतीचीच हेळसांड होय. गणती झाल्यावर कोष्टके ठरलेल्या तारखेस, राजकीय सोय न पाहता, प्रसिद्ध झाली पाहिजेत. आणखी एक गोष्ट संसदेने मागावी. राष्ट्रसंघाच्या ज्या ज्या आयोगांवर व मंडळांवर भारत निवडून जातो, तेथे त्याने वर्षभरात कोणती भूमिका घेतली, कोठे मत दिले आणि कोठे तटस्थ राहिला, याचे निवेदन दरवर्षी सभागृहापुढे ठेवावे. निवडून आल्याची बातमी सरकार आनंदाने देते. मग निवडून येऊन काय केले, हे सांगण्यात संकोच कसला?

सांख्यिकी आयोगावरील भारताची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. जनगणनेचा संदर्भदिन तिच्या दहा महिने आधी येतो. ४६ राष्ट्रांनी टाकलेला विश्वास सार्थ ठरविण्याची संधी या काळाने आपल्याला दिली आहे. ती न्यूयॉर्कच्या सभागृहातील भाषणाने साधणार नाही. फेब्रुवारीच्या थंडीत उसाच्या फडापर्यंत चालत जाणाऱ्या आणि कोपीतील तान्ह्या मुलाचीही नोंद केल्याशिवाय न परतणाऱ्या शिक्षकाच्या हातून ती साधेल.